केस गळत नाहीत, मग जातात कुठे?

‘केस अजिबात गळत नाहीत हो हिचे,’ असं सांगून पूडलचं पिल्लू विकणाऱ्याला कुणीतरी पुढचा प्रश्न विचारायला हवा: मग जातात कुठे? गळतात तेही. फक्त फरशीवर पडण्याऐवजी शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतात. लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांना जे केस सोफ्यावर, काळ्या पँटवर आणि कधी वरणभातात सापडतात, ते आमच्या कुरडईच्या अंगावरच साठतात. वेळेवर विंचरून काढले नाहीत की त्यांच्या जटा होतात. काम वाचत नाही, झाडूकडचं फणीकडे येतं.

कुरडई हे नाव भाचीनं ठेवलं. जर्दाळू रंगाची मिनिएचर पूडल, मुक्काम डोंबिवली. माझी सारी नोकरी पोस्टात काउंटरवर गेली, त्यामुळे तेच ते काम रोज करण्याचा मला कंटाळा नाही. ज्यांना आहे, त्यांनी कुरळ्या केसांच्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘अ‍ॅलर्जीवाल्यांना चालणारा कुत्रा’ ही जाहिरातही अशीच. अ‍ॅलर्जी येते ती मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती कुरळ्या कुत्र्यालाही असतातच. २०११ साली अमेरिकेत घराघरांतली धूळ तपासली, तेव्हा अशा ‘खास’ कुत्र्यांच्या आणि साध्या कुत्र्यांच्या घरांत फरक सापडला नाही. लॅब्रॅडूडलची गोष्ट तर आणखी बोलकी. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर केला, तो एका अंध बाईंच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती म्हणून. एका वेतातल्या तीन पिल्लांपैकी एकच त्यांना चाललं. पुढे जगभर या संकराचा बाजार झाला आणि खुद्द कॉनरन यांनीच आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं.

तर आंघोळ. किती वेळा घालता, असं सगळे विचारतात. तीन-चार आठवड्यांनी एकदा. पण खरी मेहनत आंघोळीच्या आधीच्या विंचरण्यात आणि नंतरच्या वाळवण्यात आहे. कोरड्या केसांतला गुंता पाण्यानं आवळतो, आत शाम्पू अडकतो आणि खाली कातडीला खाज सुटते. म्हणून आधी बारीक वाकड्या तारांचा ब्रश. डाव्या तळव्यानं केस वर दाबून धरायचे, खाली कातडीची फिकट रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून एक पातळ थर खाली विंचरायचा, मग पुढची रेघ. शेवटी स्टीलची फणी कातडीपासून टोकापर्यंत न अडता गेली तरच काम झालं. बरेच जण वरवर ब्रश फिरवतात. कुत्रा दिसतो सिनेमातला, आत नमदा तयार झालेला असतो.

कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि पट्ट्याखाली तर रोज बोटं घालायची. काखेतली जट कात्रीनं कापायला जाऊ नये. कातडी त्या गुंत्यात ओढली गेलेली असते, ती कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात ते दिसत नाही. बोटांनी जट फाकवावी, टोकाकडून थोडी थोडी सोडवावी. नाहीच सुटली तर मशीनवाल्याकडे जावं.

पाणी मनगटावर घेऊन पाहावं, कोमट हवं. मोरीत रबरी चटई टाकावी. पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि पुढच्या वेळी मोरीच्या दारातच बसकण मारतो. शाम्पू कुत्र्यांचाच, मगभर पाण्यात पातळ करून. आपल्या कातडीचा सामू साडेपाचच्या आसपास, त्यांचा साताच्या जवळ, म्हणून आपली बाटली तिथे नको. ‘स्वच्छ व्हायला’ बादलीत जंतुनाशकाचं झाकण ओतणारेही पाहिलेत. ते कातडीला झोंबतं, आणि कुत्रा नंतर अंग चाटतो ते वेगळंच. केस गोल गोल चोळायचे नाहीत, वरून खाली दाबत न्यायचे. पाणी नितळ आलं तरी आणखी दोन मग ओतायचे.

मग टॉवेलनं टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. ड्रायर कमी गरम ठेवून आमचे हे धरतात, ब्रश माझ्याकडे आणि काकडीचे तुकडे दोघांच्या मधे. कुरळे केस आपोआप वाळू दिले तर एकमेकांना चिकटून वाळतात आणि आदल्या दिवसाची मेहनत फुकट जाते. जुलैत तर आमचे टॉवेलच दोन-दोन दिवस दमट असतात. अशा हवेत खाली लोंबणारे कान आतून ओलसर राहिले की आठवड्यात वास येतो आणि कुत्रा डोकं झटकायला लागतो. कानाच्या आतले केस मात्र सरसकट उपटू नयेत, डॉक्टरांना विचारावं.

पावसाळ्यात विंचरण्याचा आणखी एक उपयोग म्हणजे गोचीड सापडते. कुरळ्या केसांत ती वरून दिसत नाही, बोटाला लागते: बोटांच्या बेचक्यात, कानाच्या कडेला, पट्ट्याखाली. गोचीड-तापानं कुत्री जातात, त्यामुळे ही तपासणी मी ब्रशपेक्षा महत्त्वाची मानते. मानेवर गोचिडाचं औषध घातलं असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला पूडल घ्यायचाय. ‘काकू, आम्ही दोघंही साडेसातची लोकल पकडतो. महिन्यातून एकदा पार्लर केलं की झालं ना?’

‘अगं, आणि बाकीचे दिवस?’

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं मोबाइलकडे.

पार्लरला माझा विरोध नाही. कापणी मीही तिथेच करून घेते. पण जटांनी भरलेला कुत्रा त्यांच्या टेबलावर ठेवायचा आणि ‘टक्कल करून पाठवलं’ म्हणून भांडायचं, हा अन्याय आहे. तशा अवस्थेत जटांच्या खालून, अगदी कातडीलगत मशीन फिरवण्याशिवाय त्यांच्या हातात काही उरत नाही.

२०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नियम चांगला आहे. पण आठ आठवड्यांच्या पूडलचे केस मऊ भुरभुरीत असतात, त्यांना फणीची गरज आहे असं कुणाला वाटतच नाही. पुढे नऊ-दहा महिन्यांचं झालं की पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येऊ लागतात, आणि आज विंचरलेलं उद्या गुंततं. तोवर फणीची सवय नसलेला कुत्रा गुरगुरतो, आणि मालक ‘कुणी चांगलं घर देईल का’ असे मेसेज पाठवायला लागतात. विकणाऱ्यांनी लसीकरणाच्या कार्डाबरोबर न विंचरलेल्या दहा महिन्यांच्या पूडलचा एक फोटोही गिऱ्हाइकाला दाखवावा. पैसे घेण्याआधी.