प्रयोगशाळेतील मुकेपणा

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञानाचा पहिला प्रयोग बहुतेक ठिकाणी साध्या लंबकाचा असतो. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, हलकासा झोका द्यायचा, वीस आंदोलने मोजायची आणि त्यावरून गुरुत्वत्वरणाचे मूल्य काढायचे. उत्तर काय यायला हवे हे मुलांना प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वीच ठाऊक असते. ९८०! मग कोणाचे ९५५ येते, कोणाचे १०१२ येते. असे का आले, हे कोणी कोणाला विचारीत नाही. पेन्सिलीने लिहिलेले आकडे खोडले जातात, मागच्या वर्षीच्या मुलांचे जर्नल उघडले जाते आणि घंटा होण्याच्या आत सगळ्यांचे उत्तर ९७९.६ वर येऊन स्थिरावते. सही होते, गुणही मिळतात.

भाषेच्या अंकात आम्ही लंबक कोठून आणला, असे वाचक विचारतील. कारण या नाटकात सर्वात मोठे नुकसान होते ते आमच्या खेड्यांतून आलेल्या मुलांचे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले पोर पीयूसीला एकदम इंग्रजीत जाऊन पडते. व्याख्यान कळत नाही म्हणून ते पाठ करते. पण प्रयोगाच्या टेबलावर तरी भाषेचा अडसर नसावा! लंबक कोणत्याही भाषेत सारखाच हलतो. तिथेही आम्ही त्याच्या हाती छापील उत्तर देतो आणि तोंडी परीक्षेत इंग्रजी व्याख्या विचारतो. हुशार पोर मुके होते, आणि पुढे ‘विज्ञान आपल्याला झेपत नाही’ असे घरी सांगून शाखा बदलते. असे पोर ज्या घरात नाही असे गाव आमच्या पाहण्यात नाही.

त्यातली गंमत अशी की ज्या ९८० साठी एवढी खाडाखोड चालते तो आकडा बेळगावचा नव्हेच. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, त्यामुळे ध्रुवावर हे मूल्य ९८३ च्या वर असते तर विषुववृत्तावर ९७८. बेळगाव पडले सोळा अक्षांशांच्या जवळ, शिवाय समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. इथले मूल्य हिशेबाने ९७८ च्या आसपास भरते. म्हणजे प्रामाणिकपणे ९७८ काढणाऱ्याने ते खोडून ९८० करावे, अशी आमची शिस्त!

अर्थात वीस आंदोलनांत ९७८ आणि ९८० यांतला फरक कळणारही नाही. एक मीटरच्या दोऱ्याला एका आंदोलनास दोन सेकंद लागतात, म्हणजे विसांना चाळीस. घड्याळाचे बटण दाबताना पाव सेकंद इकडे तिकडे होतोच. तेवढ्याने उत्तर बारा अंकांनी हलते. दोरा मोजताना गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता एक सेंटिमीटर चुकले तर आणखी दहा अंकांनी. मग ९५५ कसे आले, हे शोधायला जागा किती आहेत पाहा. खरे पदार्थविज्ञान त्या शोधात आहे आणि तेवढेच आम्ही खोडरबराने पुसून टाकतो.

कॅनडात व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नेमका हाच लंबक पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे वेगळ्या रीतीने ठेवला गेला. नताशा होम्स, २००१ सालचे नोबेल मानकरी कार्ल वीमन आणि डग बॉन यांनी त्याचा वृत्तांत २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना उत्तर काढायला सांगितलेच नाही. लंबक एकदा दहा अंशांवरून सोडा, एकदा वीस अंशांवरून, आणि दोन्हींना वेळ सारखाच लागतो का ते पाहा, एवढेच सांगितले. पाठ्यपुस्तक म्हणते सारखाच. खरे तर वीस अंशांवरच्या आंदोलनाला सुमारे अर्धा टक्का अधिक वेळ लागतो. आमच्या एक मीटरच्या दोऱ्यावर तो फरक वीस आंदोलनांत जेमतेम पाव सेकंद, म्हणजे हाताच्या चुकीएवढाच! तेव्हा मोजणी सुधारा, पुन्हा करा, पुन्हा ताडून पाहा, असा तो क्रम. मुलांनी आंदोलने वाढवली, पद्धत बदलली आणि पुस्तकातले वाक्य कोठवर खरे आहे ते स्वतः पकडले. जुन्या पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या तुलनेत, प्रयोग कसा सुधारता येईल हे आपण होऊन सुचवण्याचे प्रमाण या मुलांत बारा पट आढळले.

अमेरिकेत कार्लाइलच्या डिकिन्सन कॉलेजात प्रिसिला लॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच पहिल्या वर्षाची व्याख्याने बंद करून सगळा विषय प्रयोगाच्या टेबलावर नेला होता. मुलगा संवेदकासमोर स्वतः चालतो आणि त्याच्या चालण्याचा आलेख तत्क्षणी पडद्यावर उमटतो. मागे सरकले की रेघ कोणीकडे जाते, हे त्याला व्याख्या ऐकण्याआधी दिसते. आधी गोष्ट हातात, मग तिचे नाव. आम्हाला मोलाचे वाटते ते हे. नाव नंतर येणार असेल तर ते इंग्रजी असले तरी पोर बिचकत नाही.

आणि गोष्ट तर आमच्या मुलांच्या हातात आधीपासूनच आहे. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसलेली कोणतीही मुलगी सांगेल की लांब दोरीचा झोका सावकाश जातो. एक बसली काय नि दोघी बसल्या काय, वेळ जवळपास तेवढाच, हेही तिने अनुभवलेले असते. गवंड्याचा ओळंबा स्थिर व्हायला किती वेळ घेतो हे त्याच्या पोराने पाहिलेले असते. हे ज्ञान प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलेसारखे काढून ठेवायला आम्हीच शिकवतो.

आमचा इंग्रजीशी वाद नाही. पेपर इंग्रजीत आहे, तो इंग्रजीतच लिहावा लागेल. आमचे मागणे प्राध्यापकांकडे आहे. टेबलाभोवती चौघे उभे असताना त्यांचा वाद मराठीत होऊ द्या, शेजारच्याचा कन्नडमध्ये होऊ द्या. ‘वेग’ आणि ‘बल’ हे शब्द तर दोघांचेही तेच आहेत. वजन आणि वस्तुमान यांतला फरक पोर आधी आपल्या बोलीत भांडून समजून घेईल, मग जर्नलात इंग्रजीत उतरवील. आणि ९५५ आले तर ९५५ च राहू द्या. गुण द्यायचे ते त्याच्या कारणांना द्या.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, एका तुकडीत मुले फार, साहित्य अपुरे, हे सारे आम्ही ऐकून आहोत. पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत आणि त्या विद्यापीठानेच सोडवायच्या आहेत. वर्षाला दहा प्रयोग उरकण्याऐवजी पाचच नीट करायला त्याने मुभा द्यावी. साहित्याची सबब मात्र आता टिकत नाही. लंबकाला दोरा आणि दगड पुरतो. घड्याळ खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. जर्मनीतील आखन विद्यापीठाने २०१६ पासून मोफत दिलेले ‘फायफॉक्स’ नावाचे ॲप त्याच मोबाइलला त्वरण आणि ध्वनी मोजण्याचे उपकरण बनवते.

गावातल्या मुलांनी तोवर कॉलेजची वाट पाहू नये. घराच्या तुळईला घट्ट दोरा बांधा, खाली लहानसा जड दगड. तुळईपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. शंभर आंदोलने मोजा, म्हणजे बटणाची चूक शंभरांत वाटली जाईल. दगड वीतभरापेक्षा लांब ओढू नका. आलेले आकडे, दोऱ्याची लांबी आणि गावाचे नाव आमच्या पत्त्यावर कळवा. चोर्ल्याच्या घाटमाथ्यावरचे, निपाणीचे आणि खानापूरचे आकडे आम्ही शेजारी शेजारी छापू, कोणाचेही न खोडता.