नवा कॅमेरा घेण्यापूर्वीं

परीक्षेचा निकाल लागला, कीं पुष्कळ घरांतून एक मागणी ऐकूं येते. पूर्वीं ती घड्याळाची किंवा सायकलची असे. अलीकडे ती कॅमेऱ्याची असते. "फोनवर फोटो नीट येत नाहींत, मला चांगला कॅमेरा घेऊन द्या," असें मुलगा किंवा मुलगी म्हणते आणि वडील विचारांत पडतात. रक्कम लहान नसते. कांहीं घरांत ती महिन्याच्या मिळकतीहूनही अधिक असते. अशा वेळीं दुकानदार सांगेल तो आंकडा आणि जाहिरात दाखवील तें चित्र, यांवर विसंबून निर्णय झाला, तर पैसा जातो आणि मुलाच्या हातीं केवळ एक चकचकीत डबी उरते. म्हणून या विषयाचा शांतपणें विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें.

"कोणता कॅमेरा उत्तम?" हा आमच्या मतें पहिला प्रश्न नव्हे. "आज हातीं असलेलें साधन नेमकें कोठें अपुरें पडतें?" हा पहिला प्रश्न होय. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. येथेंही तसेंच असावें. यासाठीं एक सोपी परीक्षा आहे. आपण काढलेलीं शेवटचीं शंभर छायाचित्रें पुढें घ्यावीं, त्यांतील न साधलेलीं निवडावीं आणि प्रत्येकाचा दोष वहींत लिहून काढावा. उजेड कमी असल्यामुळें चित्र कणीदार व पुसट आलें काय? वस्तु फार दूर होती काय? हात किंवा समोरचा माणूस हलला काय? कीं उभें राहण्याची जागाच चुकली? हा शेवटचा दोष अधिक वेळां आढळला, तर कोणताही कॅमेरा तो दूर करणार नाहीं. तो पायांनीं आणि डोळ्यांनींच दूर होतो, व त्यास पैसे पडत नाहींत. उलट, घरांतले दिव्याखालचे चेहरे, संध्याकाळचें अंगण, स्नेहसंमेलनाचा रंगमंच हीं चित्रें जर वारंवार बिघडत असतील, तर चांगल्या लहान कॅमेऱ्याची गरज खरी आहे, असें समजावें.

फोनविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. आजचा चांगला फोन एका क्षणांत अनेक चित्रें टिपतो व तीं एकत्र करून त्यांतून एक स्वच्छ चित्र बनवितो. भर दिवसा काढलेलें आणि फोनच्याच पडद्यावर पाहावयाचें चित्र असेल, तर तें महागड्या कॅमेऱ्याच्या चित्राशेजारीं ठेवूनही सामान्य माणसास फारसा भेद दिसणार नाहीं. लोकांनीं हें ओळखलें आहे. जपानी उत्पादकांच्या संघाच्या गणतीप्रमाणें २०१० सालीं १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ही संख्या ८० लाखांच्याही खालीं आली. फोननें जो कॅमेरा बाजारांतून घालविला, तो मुख्यतः स्वस्त व खिशांत मावणारा कॅमेरा होय. यावरून एवढा बोध घ्यावा, कीं फोन सोडून पुन्हां तसाच स्वस्त कॅमेरा घेणें ही प्रगति नव्हे. बदल करावयाचा तर खरोखर वरच्या पायरीवर जावें. नाहीं तर आहे त्यांत समाधान मानावें. मधली पायरी ही केवळ खर्चाची आहे.

ही वरची पायरी कशानें ठरते? सर्वांत आधीं सेन्सरच्या आकारानें. सेन्सर म्हणजे भिंगाच्या मागें बसविलेली, प्रकाश टिपणारी लहानशी चौकोनी पट्टी. पावसांत वळचणीखालीं एक पेला व एक परात ठेवली, तर सर सारखीच असूनही परातींत पाणी अधिक सांचतें. प्रकाशाचेंही तसेंच आहे. स्वस्त कॅमेऱ्यांतील नेहमींचा सेन्सर सुमारें ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे त्याचें क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटरांच्या आसपास भरतें. ज्याला 'एक इंची' म्हणतात, तो १३.२ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद असतो. त्याचें क्षेत्रफळ ११६, म्हणजे चौपट. रिको जीआर किंवा फुजीफिल्म एक्स१०० या कॅमेऱ्यांत 'एपीएस-सी' जातीचा सेन्सर असतो. तो एक इंचीच्याही तिपटीहून मोठा. दिव्याच्या उजेडांतील चेहरा एका कॅमेऱ्यांत स्वच्छ आणि दुसऱ्यांत कणीदार कां येतो, याचें मुख्य कारण या गुणाकारांत आहे. विद्यार्थ्यांनीं हे हिशेब स्वतः करून पाहावे. तसें केल्यास त्यांना हेंही कळेल, कीं 'एक इंची' सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच नसते. त्याचा कर्णसुद्धां सुमारें १६ मिलिमीटरच भरतो. हें नांव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील कांचनळीच्या बाहेरील व्यासावरून चालत आलें आहे. बाजारांतील नांवें आणि मापें नेहमीं तपासून घ्यावीं, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे.

जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा मात्र सेन्सरचा नसतो. तो मेगापिक्सेलचा असतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदु. एका इंचांत ३०० बिंदु बसवून ६ इंच लांब व ४ इंच रुंद असें चित्र छापावयाचें, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१,६०,००० बिंदु पुरतात. दोन मेगापिक्सेलांहून थोडे अधिक. १२ इंच व ८ इंचांचें, भिंतीवर लावण्याजोगें चित्रही ९ मेगापिक्सेलांच्या आंतच तयार होतें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हां त्यांत अवघे १०,००० बिंदु होते आणि एक चित्र फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. त्या काळीं बिंदूंची वाढ ही खरी वाढ होती. आज २० मेगापिक्सेलांचा कॅमेरा असलेल्या कुटुंबानें ५० मेगापिक्सेलांच्या आंकड्यास भुलण्याचें कांहींएक कारण नाहीं. नांव मोठें आणि लक्षण खोटें, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते.

दुसरी पारखण्याची वस्तु म्हणजे भिंग. भिंगावर 'एफ' या अक्षरापुढें एक अंक कोरलेला असतो. तो जितका लहान, तितका अधिक प्रकाश आंत येतो, आणि हा संबंध वर्गाच्या प्रमाणांत असतो. एफ/४ पेक्षां एफ/२ या भिंगांतून दुप्पट नव्हे, तर चौपट प्रकाश येतो. जेथें झूम असतो तेथें दोन अंक दिलेले असतात, आणि ग्राहक बहुधा पहिलाच वाचतो. एक उदाहरण घेऊं. सोनी कंपनीचा आरएक्स१०० हा २०१२ सालीं निघालेला कॅमेरा २८ पासून १०० मिलिमीटरांपर्यंतचा आवांका दाखवी. पण त्याचें भिंग एफ/१.८ पासून सुरू होऊन दूरच्या टोकास एफ/४.९ वर येई. याच मालिकेंतील २०१४ सालच्या तिसऱ्या कॅमेऱ्याचा आवांका २४ ते ७० एवढाच ठेवला होता, परंतु त्याचें भिंग दूरच्या टोकासही एफ/२.८ राही. म्हणजे थोडी दूरदृष्टि सोडली आणि त्या टोकाशीं सुमारें तिप्पट प्रकाश मिळविला. कोणता सौदा बरा? वहींत जर अंधाराचे दोष अधिक निघाले असतील, तर दुसरा. तीसपट, चाळीसपट झूमच्या गोष्टी ऐकतांना दुरून डोंगर साजरे असतात हें विसरूं नये. आणि 'डिजिटल झूम' म्हणजे तर टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणें, यापलीकडे फारसें कांहीं नाहीं.

तिसरी गोष्ट आकाराची. "मग मोठा, भिंगें बदलतां येणारा कॅमेराच कां घेऊं नये?" असें कोणी विचारील. ज्यास पक्षी टिपावयाचे आहेत किंवा मैदानाच्या कडेवरून क्रिकेट टिपावयाचें आहे, त्यानें तो अवश्य घ्यावा. लहान कॅमेऱ्याचें तें काम नव्हे. परंतु घरगुती माणसाचा मोठा कॅमेरा पहिल्या वर्षीं लग्नाला जातो, दुसऱ्या वर्षीं सहलीला, आणि तिसऱ्या वर्षापासून कपाटांत राहतो. लहान कॅमेऱ्याची थोरवी जगास नवी नाहीं. जर्मनींतील लाइट्झ कारखान्यांत ऑस्कर बारनाक यांनीं घडविलेला लायका १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत मांडला गेला, आणि कॅमेरा तिकाटण्यावरून माणसाच्या हातांत आला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार तसाच लहान कॅमेरा आणि बहुधा ५० मिलिमीटरांचें एकच भिंग घेऊन जग हिंडले. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत महात्मा गांधींची भेट घेऊन ते निघाले आणि थोड्याच वेळांत गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या शोकाचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें जगानें पाहिलीं. ज्या वेळीं प्रसंग घडतो, त्या वेळीं हातांत असलेला कॅमेराच कामाचा.

तेव्हां आमचें मत स्पष्ट सांगतों. कुटुंबासाठीं व शाळेंतील प्रसंगांसाठीं एक इंची सेन्सर आणि दोन्ही टोकांस एफ/२.८ पर्यंत उजळ राहणारें, मध्यम आवांक्याचें भिंग असलेला कॅमेरा पुरेसा आहे. वर सांगितलेला २०१४ चा सोनी आणि त्याच वर्षीं सुरू झालेली कॅननची जी७ एक्स ही मालिका, या जातीच्या आहेत. ज्या विद्यार्थ्यास ही कला खरोखर शिकावयाची आहे, त्यास रिको जीआर ३ सारखा, झूम नसलेला, २५७ ग्रॅम वजनाचा कॅमेरा अधिक शिकवील. कारण जवळचें चित्र हवें असल्यास त्याला स्वतः चालत जावें लागेल. फॅशनच्या मागें मात्र धांवूं नये. फुजीफिल्म एक्स१०० ची सहावी आवृत्ति २०२४ सालीं निघाली, तेव्हां ग्राहकांस तिच्यासाठीं महिनेच्या महिने तिष्ठत बसावें लागलें. कॅमेरा उत्तम होता यांत शंका नाहीं. परंतु शेजाऱ्याजवळ आहे म्हणून ज्यांनीं रांग धरली, त्यांचीं चित्रें त्यामुळें सुधारलीं असतील असें वाटत नाहीं.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हें खरें असल्यामुळें वापरलेला कॅमेरा घेण्यांत कमीपणा मानूं नये. नव्या पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यापेक्षां नीट ठेवलेला जुना एक इंची कॅमेरा शतपटीनें बरा. घेतांना मात्र तीन गोष्टी पाहाव्या. भिंगावर विजेरीचा झोत तिरपा टाकून आंत बुरशीचे तंतु दिसतात काय, तें पाहावें. छिद्र बारीक करून पांढऱ्या भिंतीचें एक चित्र काढावें. त्यांत काळे ठिपके दिसल्यास सेन्सरवर धूळ आहे असें समजावें, आणि या कॅमेऱ्यांचें भिंग काढतां येत नसल्यामुळें ती घरीं पुसतां येत नाहीं. भिंग दहा वेळां उघडून मिटून पाहावें. खरखर ऐकूं आल्यास कॅमेरा परत द्यावा. कोंकणांतील व किनाऱ्यावरील घरांनीं पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा चामड्याच्या पिशवींत न ठेवतां, घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. बुरशी गुपचूप येते आणि भिंगाची कायमची खराबी करते.

यावर कांहीं पालक म्हणतील, "हा सारा शौक झाला; अभ्यासाचें काय?" त्यांस आमचें उत्तर असें, कीं कॅमेरा मुलाचा न समजतां घराचा समजावा, आणि मुलास त्याचा कारभारी नेमावें. फोन सर्व कांहीं आपणच ठरवितो. आकाश किती निळें व चेहरा किती गोरा, हेंही त्याचें यंत्रच ठरवितें. कॅमेऱ्यावर छिद्र, वेळ आणि सेन्सरची संवेदनशीलता या तीन गोष्टी मुलानें स्वतः ठरवाव्या. एक वाढविली कीं दुसरी घटवावी लागते, हें त्यास चार दिवसांत उमजेल. आणि कार्यकारणभावाचा असा धडा आम्हां शिक्षकांस फळ्यावर इतक्या सहज देतां येत नाहीं.

तथापि कॅमेरा घेऊन देतांना पालकांनीं एक अट अवश्य घालावी. वर्षाकांठीं निदान बारा चित्रें कागदावर छापून घ्यावीं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें माणसांचीं नांवें, गांव व तारीख मुलाच्या हातानें लिहवून घ्यावी. जुन्या घरांच्या भिंतींवर पणजोबांची एखादीच तसबीर असे, पण ती घरांतील प्रत्येक लहान मूल ओळखी. आज एकेका फोनमध्यें हजारों चित्रें असतात. फोन बिघडला किंवा हरवला, कीं आजीचा चेहरा, तिचें अंगण व तिच्या हातचें काम, सारेंच एका दिवसांत नाहींसें होतें. आजी पुन्हां दारांत येऊन बसणार नाहीं. चांगला कॅमेरा घेण्याचें सर्वांत मोठें कारण आमच्या मतें हेंच आहे, आणि ज्या घरीं हें काम आजच्या फोननेंच नेमानें होत असेल, त्या घरानें नवा कॅमेरा न घेतला तरी चालेल. मुलांनीं मागणी करण्यापूर्वीं शंभर चित्रांची ती वही भरावी, आणि पालकांनीं होकार किंवा नकार देण्यापूर्वीं ती वाचावी, एवढीच दोघांसही विनंति आहे.