दुकान रीमास्टर करायचं की रीमेक? दोन जुन्या गेम्सकडून शिकू



या आठवड्याचा व्हिडिओ गेम्सवर आहे, म्हणून दचकू नका. चॅनेल धंद्याचंच आहे. गेल्या काही बॅचमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतोय, त्याचं उत्तर देताना मला गेम्सचं उदाहरण सगळ्यात सोपं वाटलं.

प्रश्न असा. वडिलांचं वीस-पंचवीस वर्षं चाललेलं दुकान आता मुलाच्या, मुलीच्या नाहीतर सुनेच्या हातात आलंय. नव्या मालकाला ते बदलायचंय. काउंटर काढू का? नाव बदलू का? सगळं एकदम करू की थोडं थोडं? घरात दोन गट पडलेले असतात. वडील म्हणतात, "आहे ते चाललंय ना?" मुलगा म्हणतो, "चाललंय, पण किती दिवस?" दोघंही चूक नसतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

गेम बनवणाऱ्या कंपन्यांपुढे हाच प्रश्न असतो. वीस वर्षांपूर्वी हिट झालेला गेम हातात आहे. लोकांचं त्यावर प्रेम आहे, पण तो आता जुना दिसतो. काय करायचं?

माझं मत आधीच सांगतो. जुन्या गोष्टीत जी उणीव दिसते, ती काहीतरी काम करत असते. ते काम काय होतं हे न बघता उणीव काढली, तर रंगरंगोटीही फसते आणि नवं बांधकामही. दुसरं, नवं आणताना जुनं गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेऊ नये. आता हे कशावरून म्हणतोय ते बघा.

आधी तीन शब्द

ओरिजिनल म्हणजे मूळ गेम, जसा आला तसा.

रीमास्टर म्हणजे तोच गेम, झाडून-पुसून, रंग देऊन, आजच्या मोठ्या टीव्हीवर नीट दिसेल असा केलेला. भिंती त्याच.

रीमेक म्हणजे त्याच जागेवर नवं बांधकाम. गोष्ट तीच, पात्रं तीच, पण विटा नव्या.

एकच गेम, तिन्ही रूपं

रेसिडेंट ईव्हिल हे नाव ऐकलं असेल, निदान सिनेमामुळे तरी. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९६ मध्ये हा गेम पहिल्या प्लेस्टेशनवर आणला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. एक मोठा बंगला, आत झोंबी, आणि तुमच्याकडे मोजक्या गोळ्या.

त्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य मेमरी होती फक्त २ एमबी. आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटो याहून मोठा असतो. एवढ्यात अख्खा बंगला जिवंत उभा करणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी खोल्यांची चित्रं आधीच बनवून ठेवली आणि त्या चित्रांवर फक्त माणसं हलवली. आता चित्र स्थिर म्हटल्यावर कॅमेराही एका जागी स्थिर. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही, फक्त पाय घासत चालल्याचा आवाज येतो. दुसरी खोली लोड व्हायला वेळ लागायचा, म्हणून मधे अंधारात हळूहळू उघडणारा एक दरवाजा दाखवला. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर शोधायचा, त्यात शाईची रिबन लागायची, आणि रिबनही मोजक्याच.

कागदावर लिहिलं तर ही तक्रारींची यादी आहे. कॅमेरा हलत नाही, दरवाज्यापाशी थांबावं लागतं, हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही. पण हा गेम खेळून बघा. भीती नेमकी याच तीन गोष्टींतून येते. दरवाजा उघडतोय, पलीकडे काय असेल माहीत नाही, आणि मागचा अर्धा तास अजून सेव्ह केलेला नाही.

याउलट खरंच वाईट असलेल्या गोष्टीही होत्या. पात्रांचे संवाद इतके कृत्रिम होते की लोक आजही त्यावर हसतात. माणसाला वळवायची पद्धत रणगाडा वळवल्यासारखी.

रीमेकने काय केलं?

२००२ मध्ये याच गेमचा रीमेक आला, निन्टेंडोच्या गेमक्यूबवर. दिग्दर्शक पुन्हा मिकामीच. म्हणजे ज्याने दुकान उभं केलं त्यानेच ते नवं केलं. चित्रं नव्याने बनवली, संवाद नव्याने रेकॉर्ड केले. पण स्थिर कॅमेरा ठेवला, दरवाजे ठेवले, रिबन ठेवली. कुठली उणीव कामाची आणि कुठली बिनकामाची, हे त्याला माहीत होतं.

आता खरी गंमत. जुन्या गिऱ्हाइकाला बंगला पाठ झाला होता. मूळ गेममध्ये एका बोळातून पहिल्यांदा जाताना खिडकी फोडून कुत्रे अंगावर येतात. हा प्रसंग खेळणारे विसरत नाहीत. रीमेकमध्ये तुम्ही तयारीने त्या बोळात जाता, काचेला फक्त तडा जातो. कुत्रा येतच नाही. तुम्ही सुटकेचा श्वास सोडता, आणि तो नंतर येतो, तुम्ही बेसावध असताना. तसंच मारलेल्या झोंबीचं. पूर्वी मारला की विषय संपला. रीमेकमध्ये त्याचं प्रेत जाळलं नाहीत किंवा डोकं उडवलं नाहीत, तर काही वेळाने तोच जास्त चपळ होऊन उठतो. म्हणजे जे रॉकेल सोबत नेता येईल, ते कुठे वापरायचं याचाही हिशोब आला.

मला हा रीमेकचा सगळ्यात चांगला नमुना वाटतो. जुन्या गिऱ्हाइकाला काय अपेक्षित आहे हे त्याला माहीत आहे, आणि त्या ओळखीचाच वापर करून तो नवीन अनुभव देतो.

मग धंदा जोरात झाला असेल? नाही. मूळ गेम प्लेस्टेशनवर सुमारे साडेसत्तावीस लाख खपला होता. रीमेक गेमक्यूबवर त्याच्या साधारण निम्म्यावर राहिला. माल उत्तम होता, बाजार छोटा होता. गेमक्यूब जगभरात सुमारे २ कोटी १७ लाख विकले गेले, आणि त्याच काळातलं प्लेस्टेशन २ विकलं गेलं १५ कोटींहून जास्त. तुम्ही कितीही देखणं दुकान बांधा, रस्त्यावर वर्दळ नसेल तर आत कोण येणार?

मग रीमास्टरचं काम काय?

जवळजवळ तेरा वर्षांनी, २०१५ च्या जानेवारीत, कॅपकॉमने त्या रीमेकचाच एचडी रीमास्टर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर जगभर आणला. इथे नवीन बांधकाम शून्य. चित्र स्वच्छ केलं आणि दोन अडचणी सोडवल्या. पण कशा सोडवल्या ते बघा.

जुनं चित्र ४:३ आकाराचं, आजचा टीव्ही रुंद. त्यांनी रुंद चित्राचा पर्याय दिला आणि जुना ४:३ देखील ठेवला. रणगाड्यासारखं वळणं नव्या मुलांना जमत नव्हतं, म्हणून बटण ज्या दिशेला दाबाल तिकडे माणूस जाईल अशी नवी पद्धत दिली. जुनी पद्धतही सेटिंगमध्ये ठेवली. अगदी सोप्या पातळीवर खेळायची सोय केली. कुणाकडून काही काढून घेतलं नाही. काही महिन्यांतच विक्री दहा लाखांच्या पुढे गेली. २००२ चा तोच माल योग्य रस्त्यावर आणल्यावर खपला.

आणि १९९६ चा मूळ गेम? तोही २०२४ च्या जूनमध्ये जीओजी या पोलंडच्या ऑनलाइन स्टोअरने आजच्या विंडोजवर नीट चालेल असा करून विकायला ठेवला. आज तिन्ही रूपं खेळून स्वतः तुलना करता येते.

आता उलटं उदाहरण

आपल्या पिढीतल्या ज्यांनी सायबर कॅफेत तासाला दहा-वीस रुपये मोजलेत, त्यांना जीटीए सांगायला नको. वाईस सिटी आणि सॅन अँड्रियासचे चीट कोड वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असायचे.

रॉकस्टार कंपनीने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जीटीए ३, वाईस सिटी आणि सॅन अँड्रियास या तिघांचा रीमास्टर एकत्र आणला. किंमत ६० डॉलर. काम दिलं होतं ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या बाहेरच्या स्टुडिओला. आणि नवा माल यायच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले.

सॅन अँड्रियासमध्ये काय झालं ते सांगतो. २००४ चा मूळ गेम प्लेस्टेशन २ साठी होता. लांबचं दाखवायची ताकद त्या मशीनमध्ये नव्हती, म्हणून लांबवर धुकं ठेवलेलं. त्या धुक्यामुळे एका शहरातून दुसरं शहर दिसायचं नाही. गाडी चालवत जावं लागायचं, मधे डोंगर, वाळवंट, आणि वाटायचं की आपण एक अख्खं राज्य पार करतोय. रीमास्टरमध्ये मशीन ताकदवान, म्हणून धुकं काढलं. आणि विमानातून खाली बघितलं तर तिन्ही शहरं एकमेकांना खेटून, टेबलावर मांडलेल्या खेळण्यांसारखी. नकाशा तेवढाच होता. धुकं त्याला मोठा करत होतं.

दुसरी गोष्ट नटाची. गेममध्ये एका डोनटच्या दुकानावर मोठा नट लावलेला आहे, बोल्टमध्ये बसतो तो, षटकोनी. दुकानाच्या नावातही नट आहे आणि डोनटही, म्हणून तो विनोद. रीमास्टरमध्ये सगळ्या वस्तूंचे कोपरे गुळगुळीत करण्याच्या नादात त्या नटाचेही कोपरे गेले. उरलं एक गोल कडं. विनोद संपला. काम करणाऱ्याला वस्तू दिसली, ती तिथे का आहे हे दिसलं नाही.

शिवाय पाऊस पांढऱ्या रेघांसारखा, पाट्यांवर चुकीची अक्षरं, काही गाजलेली गाणी गायब, आणि पीसीवर तर पहिले काही दिवस गेम सुरूच होईना. आठवड्याभरात रॉकस्टारने जाहीर माफी मागितली. जुने गेम आपल्या पीसी स्टोअरमध्ये परत आणायचं कबूल केलं आणि तिथे नवा संच घेणाऱ्यांना जुने मोफत दिले. तीन वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटमध्ये, जुन्या आकाशासारखा रंग देणारा क्लासिक लायटिंगचा पर्याय आला. म्हणजे जे आधी काढलं तेच परत बसवायला पुन्हा खर्च.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की या रीमास्टरमध्ये चांगल्या सोयी होत्या. मिशन फसलं तर मधूनच सुरू करता येतं, नकाशावर रस्ता दिसतो, बंदूक निवडणं सोपं झालं. आणि विक्रीही झाली. जीटीए हे नाव एवढं मोठं आहे की पहिल्या दिवशी लोक येणारच. पण तुमच्या-माझ्या दुकानाच्या नावात एवढी ताकद नसते. आपल्याला माफी मागून तीन वर्षं दुरुस्ती करत बसायची मुभा नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, आणि सांगतही नाही का गेलं.

तुमच्या दुकानातलं धुकं कुठलं?

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. काउंटरवर कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा असतो, पेन लिहून बघायला. एका कंपनीचा माणूस म्हणाला, ही जागा द्या, इथे आमचा चकचकीत स्टँड लावू. हिशोबाने बघितलं तर तो गठ्ठा म्हणजे वाया गेलेली जागा. पण मूल पेन उघडतं, स्वतःचं नाव लिहितं, खाली एक रेघ मारतं, आणि मग सहसा ते पेन परत ठेवत नाही. गठ्ठा तिथेच आहे. बिलिंग मात्र मी कॉम्प्युटरवर आणलं, कारण हाताने बिल लिहिताना लागणारी रांग कुणालाच आवडत नव्हती. ती रांग म्हणजे रेसिडेंट ईव्हिलचे ते वाईट संवाद. काढले तर कुणाला त्यांची आठवण येत नाही.

काही जण म्हणतील, "सर, हे सगळं जुन्या आठवणींचं कौतुक आहे. नवीन गिऱ्हाइकाला त्याचं काय?" मुद्दा बरोबर आहे. पण सॅन अँड्रियास आज पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलालाही तो नकाशा छोटाच वाटणार. धुक्याचं काम आठवणींपुरतं नव्हतं.

म्हणून तोडफोड सुरू करण्याआधी एवढं करा.

१. एका कागदावर दुकानातल्या सगळ्या "जुनाट" गोष्टी लिहा. बाहेरचं बाकडं, उधारीची वही, सुटा माल, काउंटरवरून मागून घेण्याची पद्धत, सगळं.

२. प्रत्येकापुढे लिहा, हे काय काम करतं? बाकड्यावर आजोबा बसतात म्हणून आजी निवांत खरेदी करते, असं काहीतरी सापडेल. उत्तर स्वतः ठरवू नका. वडिलांना विचारा आणि दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारा.

३. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते बिनधास्त काढा. ज्याचं काम आहे, ते काम नव्या पद्धतीने होणार असेल तरच बदला.

४. नवी सोय आली की जुनी लगेच बंद करू नका. क्यूआर कोड लावा, गल्लाही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्या, फोनही उचला. काही महिने दोन्ही चालू दे, गिऱ्हाईक स्वतः सांगेल कुठलं लागत नाही.

५. काम बाहेरच्या इंटिरिअरवाल्याला देणार असाल, तर त्याला ड्रॉइंग काढायच्या आधी दोन दिवस दुकानात बसवा. नट षटकोनी का आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

वडील-मुलाच्या भांडणाबद्दल एवढंच म्हणेन. २००२ चा रीमेक चांगला झाला, कारण जुनं ज्याने उभं केलं तोच नवं करायला बसला होता. तुमच्या घरात तो माणूस आहे. त्याला विरोधी पक्षात बसवू नका, दिग्दर्शकाच्या खुर्चीशेजारी बसवा.

तिन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवून मी व्हिडिओत दाखवली आहेत, तेही बघा. आणि कमेंटमध्ये लिहा: तुमच्या दुकानातली कुठली जुनाट गोष्ट काढायचं ठरवलंय, आणि ती काय काम करते? निवडक उत्तरांवर पुढच्या लाइव्हमध्ये बोलू.

भेटू मग.