माळढोकाचा खर्च कुणाच्या नावावर?



माळढोक जगला पाहिजे, यात आमचे दुमत नाही. देशभरात आज फार थोडे उरले आहेत. पण त्याला जगवण्याचा खर्च कुणी सोसायचा?

1979 साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत 8,496 चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. नकाशावर रेघ ओढली आणि पिकती राने, गावेच्या गावे आत गेली. जमीन विकणेही अवघड झाले. तीस वर्षांहून अधिक काळानंतर, सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन, ते 1,222 चौरस किलोमीटरवर आले. मधल्या काळाच्या भरपाईचे काय?

आता हे काम संगणक करू शकतो. ऑस्ट्रेलियात तयार झालेली 'मार्क्सन' प्रणाली कमीत कमी खर्चात कोणते तुकडे राखावेत ते सुचवते. 2004 साली तिथल्या ग्रेट बॅरियर रीफची फेरआखणी करताना ती वापरली गेली. हत्यार चांगले आहे. मात्र खर्चाच्या रकान्यात आपण जे भरू तेच ते मोजणार. नुसता जमिनीचा भाव भरला, तर कोरडवाहू रान सर्वांत स्वस्त. म्हणजे रेघ पुन्हा आमच्याच बांधावर!

माळढोक नाकतोडे टिपतो, ज्वारी-भुईमुगाच्या रानात चरतो. उसात तो राहत नाही. पाणी आल्यावरही ज्वारीच करा म्हणायचे असेल, तर ऊस आणि ज्वारी यांतला एकरी फरक त्या रकान्यात हवा, आणि तो सरकारने दरसाल रोख मोजावा.

माधवनगरच्या बैठकीला जत-आटपाडीकरांनी ज्वारी-कपाशीचा एकरी हिशेब लिहूनच यावे.