रेकॉर्डिंग एका जागी, बघणं हव्या त्या खोलीत

सातच्या बातम्या बाबांना हव्यात, त्याच वेळी मुलांना चित्रपट हवा, आणि आईची स्वयंपाकघरातून सुटका होते तोवर दोन्ही संपलेलं असतं. यावर लोक सहसा प्रत्येक खोलीत रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स घेतात आणि त्याला एकेक पेनड्राइव्ह लावतात. मग हॉलमधलं रेकॉर्डिंग बेडरूममध्ये बघायचं तर पेनड्राइव्ह काढा, तिकडे लावा, चालला तर बघा. तो खर्च करू नका. रेकॉर्डिंग घरात एकाच ठिकाणी होऊ द्या आणि बाकीच्या टीव्हींना ते घरच्या वायफायवरून मागवू द्या.

हे सांगणं ज्यांच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे त्यांच्यासाठी आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं भाडं नाही आणि तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्यांना कुलूपही नाही. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं तसं नसतं. तिथला सिग्नल कुलूपबंद असतो, आणि बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं. ते कुलूप तोडून देणारा ‘ओळखीचा मुलगा’ कुणी सुचवला तर नको म्हणा. कॉपीराइट कायद्याच्या ६५अ कलमाखाली तो गुन्हा ठरू शकतो. आणि तुमच्या घरी फक्त खासगी वाहिन्यांच्या मालिका बघत असतील, तर हा लेख इथेच सोडा. त्या मालिका त्या त्या वाहिनीच्या ॲपवर मिळतात, एवढा खटाटोप कशाला?

सामान फार नाही. छत्रीवर दोन आउटपुटचा एलएनबी (छत्रीसमोरचं सिग्नल पकडणारं टोक), म्हणजे जुना बॉक्स आहे तसा चालू राहील आणि दुसरी केबल नव्या यंत्राला मिळेल. एक यूएसबीने जोडायचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक किंवा घरात पडून असलेला जुना लॅपटॉप. एक बाहेरची हार्डडिस्क. ट्यूनर मात्र दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. तो लिनक्सवर चालतो का, हे आधी लिनक्सटीव्हीच्या विकीवर पाहा. बरेच स्वस्त ट्यूनर फक्त विंडोजवर चालतात. संगणकावर लिनक्स आणि त्यावर टीव्हीहेडएंड हे फुकट सॉफ्टवेअर टाकायचं. ब्राउझरमध्ये संगणकाच्या पत्त्यापुढे ९९८१ हा पोर्ट दिला की त्याचं पान उघडतं. चालू बॉक्सच्या मेनूत ट्रान्सपाँडरची यादी असते. तिच्यातली फ्रीक्वेन्सी, सिम्बॉल रेट आणि पोलरायझेशन (व्ही की एच) हे सगळं कागदावर उतरवून घ्या आणि तेच आकडे इथे भरा.

आता किती ट्यूनर लागतील? इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. तीन टीव्ही म्हणून तीन ट्यूनर, असं नसतं. उपग्रहाचा एक ट्रान्सपाँडर पंधरा-वीस वाहिन्या एकत्र पाठवतो, आणि ट्यूनर तो अख्खा गठ्ठा एकदम पकडतो. एकाच ट्रान्सपाँडरवरच्या तीन वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. तेव्हा खोल्या मोजू नका. घरात खरोखर बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या लिहा आणि त्यांच्यापुढे ट्रान्सपाँडरची फ्रीक्वेन्सी लिहा. बहुतेक घरांत दोन ट्यूनर पुरून उरतात, कित्येकांना एकही पुरेल.

साध्या वाहिनीचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण एक ते दीड जीबी होतं. एक टीबीच्या डिस्कवर सहाशे-सातशे तास सहज बसतात, त्यामुळे मोठ्या डिस्कचा मोह नको. पायच्या मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग करू नका, सततच्या लिहिण्याने ते लवकर मरतं. डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही. रात्रभराचा गाण्यांचा कार्यक्रम मध्येच तुटतो आणि दोष सिग्नलला दिला जातो.

टीव्हीच्या बाजूला कोडी हे ॲप आणि त्याचं टीव्हीहेडएंडचं ॲडऑन वापरा. अँड्रॉइड टीव्हीवर ते थेट बसतं. जुन्या टीव्हीला अँड्रॉइड बॉक्स जोडावा लागेल. हेच का, तर फ्री डिशच्या बऱ्याच वाहिन्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीने येतात. ब्राउझरला ती पद्धत कळत नाही, मग सगळं रूपांतर करण्याचं ओझं बिचाऱ्या छोट्या संगणकावर पडतं आणि चित्र अडखळतं. कोडी ते जसंच्या तसं दाखवतं. वायफायची चिंता नको, एका वाहिनीला दोन-चार एमबीपीएस पुरे. फक्त संगणक राउटरला केबलने जोडा. जाड भिंतींच्या वाड्यात पाच गिगाहर्ट्झ हटून बसलं तर त्या टीव्हीपुरतं २.४ वर जा.

यंत्र बसलं की खरी परीक्षा वीज घेते. संगणक, राउटर, डिस्क आणि ट्यूनरचा ॲडॅप्टर हे चारही इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. एलएनबीला वीज ट्यूनरकडूनच जाते, म्हणून तो ॲडॅप्टर विसरलात तर बाकी सगळं चालू असूनही फाइल रिकामी निघेल. शिवाय रास्पबेरी पाय ४ ला स्वतःचं सेलवर चालणारं घड्याळ नाही. वीज आली पण इंटरनेट आलं नाही, तर त्याची वेळ मागेच राहते आणि सातच्या बातम्या भलत्याच वेळी रेकॉर्ड होतात. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण सेल वेगळा घ्यावा लागतो. पावसापुढे मात्र इलाज नाही. कोकणातल्या जुलैत केयू बँडचा सिग्नल जातो, तेवढा भाग गेला.

कार्यक्रमांचं वेळापत्रक सिग्नलमधून अर्धवटच येतं, म्हणून वेळ हाताने लावा आणि अलीकडे पाच, पलीकडे दहा मिनिटं जास्तीची ठेवा. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात आणि सहसा १ एप्रिलपासून बदलतात. त्या आठवड्यात स्कॅन पुन्हा करा, नाहीतर जुन्या नावाखाली भलतीच वाहिनी रेकॉर्ड होत राहील. टीव्हीहेडएंडला पासवर्ड ठेवा, राउटरवर त्याचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. आणि घरात सगळ्यांना एकदा बसवून दाखवा, की रिमोटवर रेकॉर्डिंगची यादी कुठे आहे आणि बघून झालेलं पुसायचं कसं.