अंगणातील झाड आणि परवानगीचा कागद

वैशाखातील वळवाची वादळे सुरू झाली, की अहिल्यानगरच्या सावेडी, केडगाव यांसारख्या वसाहतींतून एक प्रश्न घरोघर डोके वर काढतो. वडिलांनी घर बांधताना लावलेला कडुनिंब आता दोन मजल्यांच्या वर गेलेला असतो. त्याची एक फांदी गच्चीवर झुकलेली, मुळे कुंपणाच्या भिंतीत शिरलेली. ठेवावा तर भीती, तोडावा तर परवानगी. परवानगी म्हटली, की पापभीरू गृहस्थाचे पाय जड होतात. मग कोणी अनुभवी शेजारी कानाशी लागतो. अर्जबिर्जाच्या भानगडीत पडू नका, सुटीच्या दिवशी पहाटे करवतवाला बोलवा, दुपारपर्यंत लाकूड वखारीत पोहोचलेले असेल! याहून वाईट सल्ला म्हणजे बुंध्याची साल गोलाकार सोलण्याचा. झाड हळूहळू वाळत जाते आणि वाळलेल्या झाडाची परवानगी कायद्याने नाकारता येत नाही. कायद्याच्या अक्षराला नमस्कार करून त्याच्या हेतूचा गळा घोटण्याची ही कला सुशिक्षित वस्त्यांत अधिक रुजली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

ज्या कायद्याची ही धास्ती आहे तो मुळात वाचला जातो किती ठिकाणी? महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा. आणीबाणीच्या त्या वर्षाने देशाला जे काही दिले त्यांत जपून ठेवावे असे फार थोडे आहे. हा कायदा त्या थोड्यांपैकी एक म्हणावा लागेल. त्याने प्रत्येक महापालिकेत व नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असावा असे ठरवले. जागा खासगी असली, घर स्वतःचे असले, तरी झाड तोडण्यापूर्वी अर्ज करणे बंधनकारक केले. तोडणे या शब्दाचा अर्थही व्यापक ठेवला. जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे त्यात येते. म्हणजे साल सोलणारा शहाणाही त्यातून सुटत नाही. अधिकाऱ्याने स्वतः झाड पाहावे, वृत्तपत्रात सूचना द्यावी, त्या झाडावरही सूचना लावावी, मग प्राधिकरणाने निर्णय करावा. मूळ कायद्याने त्यासाठी 60 दिवसांची मुदत घातली. झाड मृत, रोगट वा जीवितास धोकादायक असेल तर परवानगी द्यावीच, असेही सांगितले.

झाडावर लावायच्या त्या सूचनेची अनेकजण थट्टा करतात. परंतु 2025 च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात साधुग्रामासाठी झाडे काढण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नागरिकांना हरकती मांडता आल्या त्या याच तरतुदीमुळे. कुंभपर्वासारख्या पवित्र कार्यालाही त्या सूचनेतून सूट नाही, आणि ती असूही नये.

खेड्यातील नियम निराळा. तेथे 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा चालतो आणि तो सर्वच झाडांना लागू होत नाही. साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा अशा ठराविक जातींनाच होतो. त्या यादीत कडुनिंब नाही, बाभूळ नाही. परिणामी महापालिकेच्या हद्दीच्या आत जो कडुनिंब संरक्षित, तोच हद्दीबाहेरच्या वाडीत अनाथ! भिंगारच्या छावणीचा कारभार तर तिसऱ्याच कायद्याखाली चालतो. एकाच शहराच्या परिसरात तीन व्यवस्था असताना सामान्य माणसाने कोणत्या दारात उभे राहावे, हे सांगणारा साधा फलकही कार्यालयांतून आढळत नाही.

2021 मध्ये राज्याने नागरी कायद्यात मोठी सुधारणा केली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत गेली आणि झाडाचे जितके वय तितकी नवी रोपे लावण्याची अट आली. हेतू उदात्त आहे. पण दोन गुंठ्यांच्या प्लॉटमधील चाळीस वर्षांचा पोखरलेला वृक्ष काढणाऱ्या निवृत्त शिक्षकाने चाळीस रोपे लावायची कोठे? पैसे भरून सुटण्याचा मार्ग आहे खरा. मात्र तो बांधकाम व्यावसायिकाला सोपा आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला जड. बांधकामासाठी निरोगी झाड काढणारा आणि घरावर कोसळू पाहणारे झाड काढणारा यांना एकाच तराजूत तोलणारा नियम लोकांना चोरवाट शिकवतो. त्याहून मोठी हानी अशी, की लोक अंगणात देशी वृक्ष लावण्यासच कचरू लागतात. कुंडीतील शोभेच्या रोपाला कोणाची परवानगी लागत नाही!

या भूमीला हा विवेक नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवण्याचा विषय येतो. राज्याच्या संरक्षणाचे काम, म्हणजे त्या काळचे सर्वोच्च निकडीचे काम. तरीही रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेल्या आंब्या-फणसांना बळाने हात लावू नये, एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते तोडावे, अशी तेथे ताकीद आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्या दस्तऐवजाला जीर्ण झाड आणि जोमदार झाड यांतील फरक कळत होता, आणि झाडाच्या धन्याचे दुःखही कळत होते.

शतकांपूर्वीचे उदाहरण नको असेल तर नगर तालुक्यातील हिवरे बाजार जवळच आहे. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा भोवतालचे डोंगर बोडके होते. गावाने ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली; गुरांना डोंगर बंद, पण गवत कापून आणण्यास मोकळीक. म्हणजे बंदीबरोबर गरजेची वाटही ठेवली. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीनेही कुऱ्हाडबंदीचा मार्ग धरला होता. तेथे पहारा शेजाऱ्याच्या नजरेचा होता. शहरी वसाहतीत तीच नजर खिडकीचा पडदा ओढून घेते, कारण उद्या आपल्यालाही करवतवाला बोलवायचा असतो.

अहमदनगर नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती 2003 साली. आता शहर आणि जिल्हा पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिरवतात. त्यांचे जन्मस्थान चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. ज्या राणीने देशभर घाट, बारवा आणि धर्मशाळा उभारल्या, तिच्या नावाच्या शहरात कायद्याने सांगितलेली पंचवार्षिक वृक्षगणना प्रभागवार उघड्यावर मांडली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. कोणत्या अर्जावर कोणते झाड गेले, बदल्यात रोपे कोठे लागली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतील किती जिवंत आहेत, याची नोंद कोणाही नागरिकाला पाहता यावी. ती पडताळण्याचे काम वस्तीवस्तीतील कार्यकर्ते आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी सहज करू शकतात. त्यासाठी वही, पेन आणि महिन्यातून एक रविवार पुरतो. मृत व धोकादायक झाडांच्या अर्जांसाठी स्वतंत्र, जलद पाहणीची सोय करणे प्राधिकरणाच्या हाती आहे.

आणि गृहस्थांच्या हाती आहे ते वेळेवर अर्ज करणे. साठ दिवसांचा हिशेब धरला, तर वळवापूर्वी निर्णय हवा असणाऱ्याने माघातच कार्यालय गाठले पाहिजे. आजवर अर्ज येतात ते बहुधा फांदी कोसळल्यानंतर.