खातंय-पितंय म्हणजे ठणठणीत नव्हे



धडधाकट मांजराला दवाखान्यात नेणं ही उधळपट्टी, असं सांगणारं पत्र गेल्या अंकात वाचलं. खर्चाची तक्रार रास्त आहे. तपासण्या सगळ्यांनाच परवडत नाहीत. पण ‘खातंय-पितंय ना, मग झालं’ हे मुळीच पटत नाही. मांजर दुखणं लपवतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत साधारण ७५ टक्के कार्यक्षमता गेलेली असते, आणि ती परत येत नाही. त्याआधीच्या खुणा घरातच दिसतात: पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं, लघवीच्या वाळूत मोठे गोळे होतात. पत्रलेखकांचं मांजर ११ वर्षांचं. ‘उन्हाळ्यामुळे पाणी जास्त पितं’ असं त्यांनी लिहिलंय, तिथेच मी थबकले. चार किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमने घटलं तरी दाट केसांत कळत नाही. काट्यावर मात्र लगेच कळतं. या वयात दर सहा महिन्यांनी वजन, दात, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासायलाच हवी. आजार लवकर सापडला तर कमी फॉस्फरसचा आहार सुरू करता येतो, त्याने आयुष्य बरंच लांबू शकतं. पत्रलेखकांनी याच आठवड्यात निदान लघवी तरी तपासून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे